सूनमुखाची साखर

आरशात आधी मला माझी नथ दिसली, मग घामानं फिसकटलेली चंद्रकोर, आणि मग माझ्या गालाला गाल लावून बसलेल्या सासूबाईंचा चेहरा. तो पांढराफटक पडला होता.

लग्न लागलं होतं, पंगती उठल्या होत्या आणि सिन्नरच्या त्या कार्यालयात सूनमुखाचा विधी चालला होता. सासूनं सुनेला जवळ बसवायचं, अंगावर साडी घालायची, तोंडात चिमूटभर साखर घालायची आणि आरशात तिचं तोंड बघायचं. फोटोवाला केव्हाचा ओरडत होता, "काकू, आरसा वर घ्या, आणि जरा हसा की!"

काकू हसत नव्हत्या. आरसा त्यांच्या हातातून इंचाइंचानं खाली घसरत होता. कूलरचा झोत थेट आमच्यावर असूनही त्यांच्या ओठांवर घामाचे थेंब साचले होते. डोळे उघडे होते, पण ते माझ्याकडे बघत नव्हते, कशाकडेच बघत नव्हते.

"साखर घाल ना गं शैला," वच्छलाआत्या म्हणाल्या. या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. बाईंचं तोंड म्हणजे पट्टा. "सुनेचं रूप बघून दगड झालीस की काय?"

सगळ्या बायका हसल्या. सासूबाईंनी चांदीच्या वाटीतून साखर उचलली आणि हात माझ्या तोंडाकडे न आणता कानाकडे नेला. साखर माझ्या शेल्यात सांडली. हसण्याचा गलका आणखी वाढला. "सासूबाई गडबडल्या! आत्ताच अशी गत, मग पुढं कसं?"

हसले नाही ती फक्त मी. त्यांना काय होतंय ते त्या एवढ्या गर्दीत मला एकटीला ठाऊक होतं. आणि कुणाला सांगणार नाही म्हणून त्यांनी मला त्यांच्या गळ्याची शपथ घातलेली होती.

याला आता तेरा वर्षं होतील. ती शपथ कशी पडली ते आधी सांगायला हवं.

लग्नाआधी दोन महिने नाशिकला बस्ता बांधायला गेलो होतो. सासूबाईंना मी तेव्हा काकूच म्हणत होते. एके काळी रिक्षात त्यांच्या शेजारी दुसरं माणूस बसू शकत नसे, असं निनादनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला सांगितलं होतं. पंधरा वर्षांचा डायबेटिस, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. आणि गेल्या दीड वर्षात सगळं बदललं होतं. अंग निम्म्यावर आलं, साखर उतरली, इन्सुलिन बंद झालं. याचं श्रेय सासऱ्यांनी, अप्पांनी, आपल्या जांभळाच्या बियांच्या पुडीला देऊन टाकलं होतं. अप्पा कुलथे म्हणजे नगरच्या पेठेतले जुने सोनार. सोनं तोलायच्या काट्यावर ते ती पूड तोलायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाच्या, पाहुण्याच्या हातात पुडकं ठेवायचे. "आमच्या हिला बघा!" म्हणायचे. ते स्वतः दोन वेळा इन्सुलिन टोचून घेत होते. त्यांना ती पूड का लागू पडत नाही, हे विचारायचा धीर मात्र कुणाला झाला नव्हता.

तर साड्यांच्या दुकानात आम्हाला पियूष दिलं. काकूंनी नको नको म्हणत अर्धा पेला घेतला. तासाभरानं शालू बघता बघता त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"मला बाहेर ने. काही बोलू नको."

पायरीवर बसून त्यांनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढल्या आणि दोन-तीन एकदम तोंडात टाकल्या. मी घाबरून निनादला हाक मारायला निघाले तर माझा पदर ओढून त्यांनी मला खाली बसवलं.

"माझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं असं तुला सांगितलंय ना? खडे-बिडे काही नव्हते. पोटाचं केलं. वजनाचं."

"म्हणजे?"

"पोट लहान केलं आणि आतड्याची वाट बदलली. मंजिरी, तुला खोटं वाटेल, चौथ्या दिवशी माझं इन्सुलिन बंद केलं त्यांनी. अंगावरचं एक किलोसुद्धा तेव्हा उतरलं नव्हतं, पण साखर उतरली. मी रडले गं तिथं. पंधरा वर्षं टोचून टोचून पोटाची चाळण झाली होती."

"मग आत्ता हे काय झालं?"

"गोड आता पोटात थांबत नाही. थेट आतड्यात धावतं. अंगाला वाटतं, केवढी साखर आली! मग ते इन्सुलिन सोडतं, नको तेवढं सोडतं. आणि तासा-दीड तासानं साखर पार तळाला जाते. डॉक्टरांनी बजावलंय, गोडाला हात लावायचा नाही."

"अप्पांना माहीत आहे?"

"ऑपरेशन माहीत आहे. निनादलाही खडेच म्हणून सांगितलंय, तो तेव्हा बंगलोरला होता. आणि हे असं होतं ते यांनाही माहीत नाही. कापाकापी केलीस तर पस्तावशील, असं म्हणाले होते ते. आता हे कळलं तर जन्मभर ऐकवतील. शिवाय लोकांना कळलं की खाऊन खाऊन पोट कापायची वेळ आली, तर मी तोंड कुठं दाखवू? माझ्या गळ्याची शपथ आहे तुला."

मी शपथ घेतली. खरं सांगायचं तर मला त्या दिवशी भारी वाटलं होतं. होणाऱ्या सासूचं गुपित नवऱ्याच्या आधी मला कळलं, याचा मला माज चढला होता.

आणि लग्नाच्या दिवशी विहिणीच्या पंगतीत तेच गुपित माझ्या घशात अडकलं. पानाभोवती रांगोळी, चांदीचं ताट, उदबत्ती, सगळा थाट होता. माझी आई बासुंदीची वाटी घेऊन आली. आचाऱ्यावर विश्वास नाही म्हणून तिनं स्वतः आदल्या दिवसभर चुलाणापाशी उभं राहून ती आटवली होती. मुलीची आई, लग्न ठरल्यापासून बिचारीचा जीव मुठीत होता. कुणी नाक मुरडेल, कुणाचा मानपान राहील, याच धास्तीत ती वावरत होती.

"विहीणबाई, माझ्या हातून एवढी घ्यायची," आई म्हणाली.

"कमलताई, मला डायबेटिस..." सासूबाईंनी सुरुवात केली.

"अगं, कुठला डायबेटिस आता तुला?" वच्छलाआत्या पलीकडच्या पानावरून कडाडल्या. "गोळ्या बंद, सुया बंद. सगळ्या जगाला सांगत फिरतो ना आमचा अप्पा! की विहिणीच्या हातचं नको आहे?"

सगळ्यांच्या माना आमच्या पानांकडे वळल्या. आईचा चेहरा उतरला आणि तिच्या हातातली वाटी हलायला लागली. मी शेजारच्या पानावरून डोळ्यांनी सासूबाईंना खुणावत होते, नको, नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही. मग आईच्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. आणि वाटी ओठाला लावून रिकामी केली.

"अशी बासुंदी मी जन्मात प्यायले नव्हते," त्या म्हणाल्या.

आईचे डोळे भरून आले. मी मनाशी म्हटलं, एका वाटीनं काय होणार आहे. पर्समध्ये गोळ्या असतीलच.

पण सूनमुखाच्या वेळी पर्स कुणाकडे होती कोण जाणे. आरसा खाली पडला, फुटला नाही, नुसता खणकन वाजला. सासूबाई माझ्या अंगावर कलंडल्या. कुणीतरी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं उपास घडला असेल, एक बाई तर हळूच म्हणाल्या की तोंडाला वास बघा. सासूबाई काहीतरी पुटपुटत होत्या, पण जीभ जड झाली होती.

गर्दीतून वाट काढत अप्पा आले. आले ते शर्टाच्या खिशातून स्वतःचं इन्सुलिनचं पेन काढतच.

"बासुंदी! वाटीभर बासुंदी प्यायली ही!" ते ओरडले. "साखर चढली. परत आली साखर. सरका सगळे!"

त्यांनी पेनच्या मागची चकती कटकट फिरवली. पंधरा वर्षं त्यांनी बायकोला याच हातांनी टोचलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती आणि माया होती, त्यात मला शंका नाही. पण तेवढ्या सुईत त्यांच्या बायकोचं मरण होतं, आणि ते त्यांना कळत नव्हतं.

मला त्या घरची सून होऊन अजून अर्धा दिवसही झाला नव्हता. अंगावर शालू, कपाळावर मुंडावळ्या. मी सासऱ्यांचा हात धरला.

"अप्पा, टोचू नका! यांची साखर खाली गेली आहे."

"अगं सोड! गोड खाऊन कुणाची साखर खाली जाते का?"

"यांची जाते."

"मंजे!" माझी आई मागून माझा दंड ओढायला लागली. "मोठ्यांच्या मध्ये बोलू नको. त्यांना कळतं."

"वा! आल्या आल्या सासऱ्याचा हात धरला पोरीनं," वच्छलाआत्या म्हणाल्या.

अप्पांनी हात सोडवून घेतला. सासूबाईंच्या पोटावरची साडी बाजूला करायला ते वाकले. मग मला काही सुचलं नाही. मी पेनवर फटका मारला. ते उडून सतरंजीवर पडलं. साखरेची वाटी उचलली, सासूबाईंची मान मांडीवर घेतली, आणि बोटांनी ती साखर त्यांच्या गालांच्या आत, हिरड्यांवर चोळायला लागले. थोडी साखर, थोडं पाणी, पुन्हा साखर. सुनेनं सासूच्या तोंडात बोटं घातलेली बघून बायका किंचाळल्या.

"ही खुळी झाली की काय! निनाद, आवर तुझ्या बायकोला!" अप्पा लालबुंद झाले होते. त्यांनी पेन पुन्हा उचललं.

"यांचं ऑपरेशन झालंय!" मी ओरडले. गळ्याची शपथ मोडताना एवढा मोठा आवाज लागतो हे मला माहीत नव्हतं. "खड्यांचं नाही, वजनाचं! पोट लहान केलंय यांचं, त्यानं डायबेटिस गेला. पण गोड खाल्लं की साखर कोसळते. त्यांनीच मला सांगितलंय. टोचलंत तर मरतील त्या!"

सनईची कॅसेट तेवढी चालू राहिली. अप्पांचं तोंड उघडं पडलं. पुडीवाल्या अप्पांकडे, ज्यांच्या ज्यांच्या पोटात ती पूड गेली होती ते सगळे बघत होते. मला वाटलं आता ते थांबतील. पण माणूस असा चिडला की त्याला पुढचं दिसत नाही.

"ऑपरेशन झालंय ते मला सांगतेस? मी होतो तिथं!" ते म्हणाले आणि पुन्हा वाकले.

तेव्हा निनादनं वडिलांचं मनगट धरलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. आईचं ते ऑपरेशन खड्यांचं नव्हतं, हे त्याला आत्ता, दोनशे माणसांबरोबर कळत होतं.

"थांबा अप्पा. आधी मोजा."

"मीटर नगरला राहिलंय."

आपल्याकडच्या लग्नात दुसरं काही मिळो न मिळो, डायबेटिसवाले भरपूर मिळतात. माझा मामा बॅग घेऊन धावत आला. सासूबाईंच्या बोटाला सुई टोचली. मीटरवर आकडा येईपर्यंत मी साखर चोळतच होते. मामानं चष्मा वर केला, आकडा पुन्हा वाचला आणि मीटर अप्पांसमोर धरलं.

बेचाळीस. सत्तरच्या खाली गेली तरी धोका असतो. आणि तेही एवढी साखर तोंडात गेल्यावर.

अप्पांनी मीटर बघितलं. मग हातातल्या पेनची चकती बघितली. ती त्यांनी वीस युनिटवर फिरवून ठेवली होती. ते मटकन खाली बसले, तिथंच, अक्षता पडलेल्या सतरंजीवर, आणि पेन धरलेला हात त्यांना कुठं ठेवावा ते कळेना.

"मी मारलीच असती," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. "माझ्या हातानं."

दवाखाना कार्यालयापासून जवळच होता. तिथं ग्लुकोजची बाटली लावली. डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच म्हणाले, "इन्सुलिन गेलं असतं तर इथवर आणताच आलं नसतं." मग शालूतल्या माझ्याकडे पुन्हा एकदा बघून म्हणाले, "बसा, तुम्हीही पाणी प्या."

दिवेलागणीला सासूबाई पूर्ण शुद्धीवर आल्या. खोलीत मी एकटीच होते. बाहेर बाकावर आई रडत होती, मीच भरवली, माझ्याच हातानं भरवली, एवढंच परत परत म्हणत होती. निनाद तिची समजूत काढत होता.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सांगितलंस?"

"हो. सगळ्यांना. ओरडून."

"शपथ घातली होती मी तुला."

"मोडली."

त्यांनी डोळे मिटले. आणि तिथं माझा बांध फुटला. इतका वेळ दाबून ठेवलेली भीती रागाच्या रूपानं बाहेर आली.

"आई, तुम्हाला माहीत होतं काय होणार ते! मी खुणावत होते. तुम्ही बघितलंत माझ्याकडे. एक घोट घेऊन वाटी खाली ठेवता आली असती. तोंड ओलं करून ठेवता आली असती. आज तुम्ही माझ्या मांडीवर मेला असतात, माझ्या लग्नात, माझ्या आईच्या हातचं खाऊन!"

"पूर्वी बरं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "डायबेटिस आहे म्हटलं की कुणी वाटी पुढं करत नसे. तेवढं एक कारण होतं माझ्याकडे. साखर गेली आणि ते कारणही गेलं. आता कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

"खरं सांगायचं."

"विहिणीच्या पंगतीत?" त्या थोडं हसल्या. मग हसू गेलं. "मला वाटलं होतं, दीड तास तरी लागतो. तेवढ्यात सूनमुख उरकेल, मी आत जाऊन गोळ्या खाईन. तुमच्या फोटोवाल्यानं घोळ घातला."

म्हणजे त्यांनी हिशेब केला होता. वाटी ओठाला लावायच्या आधी, माझ्या आईच्या हाताकडे बघत असताना, त्यांनी हिशेब केला होता.

"पण का?"

"तुझ्या आईचा हात थरथरत होता." त्यांनी छताकडे बघत सांगायला सुरुवात केली. "माझ्या लग्नात माझी आई अशीच वाटी घेऊन उभी होती. यांच्या आईपुढं. त्यांनी बासुंदी बोटानं चाखली, पातळ आहे म्हणाल्या, आणि वाटी पानावर पालथी केली. भर पंगतीत. बासुंदी पाटावरून वाहत आईच्या लुगड्यापर्यंत आली. आईनं ती पदरानं पुसून घेतली. पुन्हा ती कधी आमच्या दारात आली नाही. निनादच्या बारशालासुद्धा नाही. मी माहेरी गेले की घास भरवायची, पण आमच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही तिनं. तशीच गेली."

आईचं रडणं बाहेरून ऐकू येत होतं.

"कुणीच काही बोललं नाही तिथं?" मी शेवटी विचारलं.

"कोण बोलणार? आत्या हसत होत्या. माझे वडील खाली मान घालून उभे. आणि हे हात धुवायला उठले होते. परत आले तोवर पान बदललं होतं."

"उठलो नव्हतो," दारातून आवाज आला.

अप्पा उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांचा फेटा कुठंतरी पडला होता आणि केस कपाळावर आले होते.

"मी तिथंच होतो, शैला. तुझ्या शेजारच्या पाटावर. तू मान खाली घातली होतीस म्हणून तुला दिसलो नाही. मी सगळं बघितलं." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "नुसतं तोंड उघडायचं होतं. तेवढंही केलं नाही. मागाहून तू विचारलंस तेव्हा हात धुवायला गेलो होतो असं सांगितलं."

सासूबाई उशीवरून उठून बसल्या. हाताला लावलेली नळी ताणली गेली, तरी त्यांना कळलं नाही. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, बघतच राहिल्या. सकाळपासून त्या चेहऱ्यावर मी पुष्कळ काही बघितलं होतं, पण हे नव्हतं बघितलं.

"छत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "मी आईला छत्तीस वेळा सांगितलं असेल, ते तिथं असते तर बोलले असते."



तेवढ्यात नर्स आत आली. "मावशी, बोट द्या, साखर बघायची आहे," म्हणाली. सासूबाईंनी हात पुढं केला. सुई टोचली तरी त्यांनी डोळे अप्पांवरून हलवले नाहीत. मी उठून त्यांच्या पाठीला हात लावून उभी राहिले. त्या थरथरत होत्या, आणि या वेळी साखरेनं नव्हे.

"एकशे आठ," नर्स खुशीत म्हणाली. "आता काही काळजी नाही."